जुन्या पिकप ट्रकचे दिशादर्शक दिवे
फोर्ड कंपनीने एफ-१०० या पिकप ट्रकमध्ये १९५६ च्या नमुन्यापासून ६ व्होल्टऐवजी १२ व्होल्टची विद्युत्-योजना स्वीकारली. २४ वॅटच्या दिव्यास ६ व्होल्टवर ४ अँपिअर प्रवाह लागतो, १२ व्होल्टवर २ अँपिअर पुरतो. म्हणून त्यापूर्वीच्या गाडीस अधिक जाड तार आवश्यक ठरते. दिशादर्शक व सीमादर्शक असे दोन तंतू एकाच दिव्यात असल्यास दोहोंचा परतीचा प्रवाह दिव्याच्या बैठकीतून सांगाड्यात जातो. बैठक गंजली, की दिशादर्शकाचा प्रवाह सीमादर्शकाच्या तंतूतून उलटा शिरतो व भलतेच दिवे मंद लुकलुकू लागतात. मागून येणाऱ्या चालकास वळणाची दिशा मग नीट उमगत नाही. असा दोष आढळल्यास दिवा बदलण्यापूर्वी गंज खरवडून बैठकीपासून सांगाड्यापर्यंत स्वतंत्र तार जोडावी.