माहितीची राखण : शिक्षण आणि नोकरी

परवा एक शेतकरी गृहस्थ भेटायला आले. मुलगा नुकताच बारावी पास झालेला. म्हणाले, “सर, पोरगं म्हणतंय, माहितीची सुरक्षा शिकतो. एक क्लासवाले सहा महिन्यांत नोकरीची हमी देतात. फीसाठी दोन म्हशी विकाव्या लागतील. विकू का?” प्रश्न एका घरचा, पण आज तो पुष्कळ घरांतून विचारला जातो. म्हणून त्याचे उत्तर थोड्या विस्ताराने देतो.

माहितीची सुरक्षा म्हणजे काय? तुमचे पतपेढीतले खाते घ्या. शिल्लक किती, हे परक्याला कळता कामा नये, ही गोपनीयता. हजाराचे हजारच राहिले पाहिजेत, कुणी गुपचूप आकडा फिरवता कामा नये, ही अखंडता. आणि पेरणीच्या वेळी पैसे काढायला गेलात, तर ते मिळाले पाहिजेत, ही उपलब्धता. या तिन्हींची राखण करणे, एवढेच हे शास्त्र.

राखण चुकली तर काय होते? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. तिजोरी फोडली नाही की कुलूप तोडले नाही. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएम यंत्रांतून पैसे मागितले गेले, आणि जिथे बँकेच्या संगणकाने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे, तिथे चोरांनी घुसवलेली व्यवस्थाच ‘हो’ म्हणत राहिली! त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे किमान नियम घालून दिले. म्हणजे राखणदार आता लहान बँकांनाही लागतो.

हे शिकायचे कसे? बारावीला गणित घ्यावे. पुढे संगणकशास्त्राची पदवी. तीत प्रोग्रॅमिंग, नेटवर्क आणि ऑपरेटिंग सिस्टीम हे विषय मन लावून करावेत. कारण ज्याला घर कसे बांधतात ते ठाऊक नाही, त्याला चोर कुठून शिरेल ते काय कळणार? सुरक्षेचा खास अभ्यास त्यानंतर : एम.टेक. वा एम.एस्सी., किंवा सी-डॅक या सरकारी संस्थेची सुमारे सहा महिन्यांची पदव्युत्तर पदविका. तिला प्रवेश परीक्षा द्यावी लागते. एनपीटीईएलवरचे प्राध्यापकांचे पाठ तर घरबसल्या फुकट ऐकता येतात.

नोकऱ्या अनेक परींच्या आहेत. कुणी पाळीपाळीने रात्रंदिवस पहारा देतो, कुणी हिशेबतपासनिसासारखी व्यवस्था तपासतो, कुणी गुन्ह्यानंतर माग काढतो. पण पहिली नोकरी बहुधा नेटवर्क किंवा संगणकांच्या देखभालीची मिळते. तीत कमीपणा मानू नये. तिथेच हात बसतो.

एक इशारा मात्र मुलांना द्यायलाच हवा. सरावासाठी म्हणूनसुद्धा दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरू नका. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात अप्रामाणिकपणे असे करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सराव आपल्याच यंत्रावर करावा.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या विद्येचे बी तुमच्याच वर्गात आहे. १७ आणि १९ यांचा गुणाकार ३२३, हे मूल चटकन सांगेल. पण ३२३ चे अवयव विचारा, ते डोके खाजवील. शेकडो अंकी संख्यांच्या बाबतीत हीच अडचण संगणकालाही पडते. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी तिच्यातून गुप्तलेखनाचे कुलूप घडवले. तेव्हा मूळ संख्या शिकवताना ही गोष्ट जरूर सांगा.

आणि त्या गृहस्थांना मी काय सांगितले? म्हटले, “म्हशी राहू द्या. मुलाला पदवीला घाला. नोकरीची हमी कुणी आधी देत नसते. ती अंगच्या विद्येने मिळते. तोवर घरचे दूध पिऊन त्याला अभ्यास करू द्या.”