आरोग्यशिबिरातील चित्रफीत : पडदा काळा का राहतो?

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत रोवणीच्या आधी सर्पदंशाविषयी शिबिरे घेणाऱ्या वैद्यमित्रांसाठी हे टिपण आहे. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, सिरोंच्यात तेलुगू आणि मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत बंगाली बोलली जाते. मराठी निवेदन सर्वांस उमजेलच असे नाही. दंश झालेला अवयव फळी बांधून स्थिर कसा ठेवावा, चिरा का देऊ नये, दोरी आवळून का बांधू नये, हे तेथे डोळ्यांनीच कळते. आवाज चालू आणि पडदा काळा, असे झाल्यास शिबिराचा गाभाच हरवतो.

अशा वेळी घाईने केबल काढून-घालून पाहण्याची रीत पडली आहे. ती बहुधा निष्फळ ठरते. प्रथम एवढेच पाहावे, की लॅपटॉपवरील इतर चिन्हे पडद्यावर दिसतात काय? काहीच दिसत नसेल तर दोष जोडणीत आहे. प्रोजेक्टरवर योग्य इनपुट निवडावे. लॅपटॉपवर विंडोजची कळ व पी एकत्र दाबून 'डुप्लिकेट' घ्यावे. ही सोय विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून आहे; त्यापूर्वीच्या यंत्रांवर एफएन कळीसोबत पडद्याचे चित्र असलेली कळ दाबावी लागते. तरीही पडदा कोरा राहिला तर रेझोल्यूशन १०२४ × ७६८ करून पाहावे.

मात्र सर्व चिन्हे दिसत असून केवळ चित्रफितीचा चौकोन काळा असेल, तर केबल निर्दोष आहे. येथे संप्राप्ती निराळी. विंडोज एक्सपीच्या काळात चित्रफीत 'ओव्हरले' या वेगळ्या मार्गाने रंगवली जाई व तो मार्ग बहुधा एकाच, मुख्य पडद्याला मिळे. असा जुना लॅपटॉप अजून वापरात असल्यास प्रोजेक्टरला मुख्य पडदा ठरवावे, अथवा हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन कमी करावे. नव्या यंत्रांत कारण बहुधा प्रत संरक्षणाचे असते. सशुल्क सेवांवरील चित्रपट एचडीसीपी या कुलपासह येतात. व्हीजीए जोडणीत ते कुलूप उघडण्याची व्यवस्थाच नाही, म्हणून चित्र रोखले जाते. तिसरे कारण फाइलचे. अलीकडचे अनेक मोबाइल एचईव्हीसी प्रकारात चित्रण करतात. जुन्या लॅपटॉपला ते उलगडता येत नाही आणि केवळ आवाज येतो किंवा चित्र अडखळते.

लक्षण गूढ असता उपशयाने परीक्षा करावी, ही आपली परिचित पद्धत येथेही उपयोगी पडते. अट एवढीच, की एका वेळी एकच बदल करावा. एच.२६४ प्रकारातील साधी एमपी४ फाइल जवळ ठेवावी. ती व्यवस्थित चालली तर दोष मूळ फाइलचा. तीही काळीच राहिली तर व्हीएलसीसारख्या दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडावी. पेनड्राइव्हवरून अडखळत असल्यास लॅपटॉपवर उतरवून घ्यावी.

आवाजाची गोष्ट सोपी आहे. एचडीएमआय जोडताच आवाज प्रोजेक्टरकडे वळतो आणि तेथील लहानसा स्पीकर सभेला पुरत नाही. ध्वनीसाठी लॅपटॉपचे आउटपुट निवडून बाहेरचा स्पीकर जोडावा.

विजेबाबत एक सूचना. वीज गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालतो, प्रोजेक्टर मात्र विझतो. आणि दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर तापलेला दिवा थंड झाल्याखेरीज पुन्हा पेटत नाही. तेवढी मिनिटे प्रश्नोत्तरांना द्यावीत, बटण पुन्हा पुन्हा दाबू नये.

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या वाघांचा वावर असलेल्या तालुक्यांत अंधार पडल्यावर लोकांस पायी परत पाठवणे योग्य नव्हे. तेथे कार्यक्रम दुपारी शाळेच्या खोलीतच घ्यावा. मग चित्र फिकट दिसते; तो बिघाड नव्हे. खिडक्यांवर सतरंज्या टांगाव्यात व प्रोजेक्टर पुढे सरकवून चित्र लहान करावे, म्हणजे तोच प्रकाश एकवटून चित्र ठळक होते.