जनावरांचा बाजार : ओळख हवी, कागदही हवा

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे कारेगावचे नाव सर्वत्र झाले. परंतु शिरूर-दौंड पट्ट्यातील आमच्या अनेक बांधवांची रोजी कारखान्यावर नव्हे, तर जनावरांच्या आठवडी बाजारावर अवलंबून आहे. शुक्रवारी यवत, शनिवारी चाकण किंवा जिल्ह्याची हद्द ओलांडून काष्टी, सोमवारी बेल्हे, असा त्यांचा आठवडा जातो.

या धंद्यात भांडवलापेक्षा ओळख मोठी. कोणत्या वाडीत शेळ्या विकायच्या आहेत हे मेंढपाळ सांगतो, भाव दलाल कळवतो, टेम्पोवाला माल पोहोचवतो आणि शहरातला खाटीक पुढच्या फेरीला पैसे देतो. रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरतो. इसार दिला की शब्द पक्का. परक्या बाजारात नवख्याला उधार मिळत नाही, पण ओळखीचा माणूस मध्ये उभा राहिला तर हजारोंचा माल तोंडी मिळतो. बकरी ईदला राजस्थान, मध्य प्रदेशातून मुंबईच्या देवनारला बकरे येतात, तेही अशाच साखळीने. या साखळीत शेतकरी, धनगर, मुसलमान व्यापारी सारेच आहेत. एक कडी तुटली की सर्वांचेच नुकसान.

गेल्या दशकात या साखळीला धक्क्यामागून धक्के बसले. २०१५ मध्ये राज्यात गाईबरोबर बैल व वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. २०१७ मध्ये केंद्राने जनावरांच्या बाजारांवर कडक नियम लादले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. २०२२ मध्ये लम्पी रोगामुळे बाजार बंद राहिले. २०२५ मध्ये वाटेतल्या अडवणुकीला कंटाळून राज्यातील कुरेशी बांधवांनी खरेदीच थांबवली, तेव्हा भाकड जनावरे शेतकऱ्याच्या दावणीला पडून राहिली. व्यापारी आणि शेतकरी एकमेकांवर किती अवलंबून आहेत, हे त्या वेळी सर्वांना दिसले.

बाजारातली ओळख रस्त्यावरच्या नाक्यावर चालत नाही. तेथे कागद लागतो. म्हणून आमचे सांगणे असे की, बाजार समितीची पावती, विकणाऱ्याचे नाव-गाव, पशुवैद्यकाचा दाखला आणि जनावराच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक घेतल्याशिवाय माल गाडीत चढवू नये. गाडीत दाटीवाटीने जनावरे कोंबू नयेत. तो कायद्याने गुन्हा आहे आणि मुक्या जिवावर जुलूमही.

उधारीचेही तसेच. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा करार लिहून ठेवण्याचा व त्यावर साक्षीदार घेण्याचा आदेश आहे. लिहिण्याने मैत्रीला बाधा येते, असे मानणाऱ्यांनी त्याचा विचार करावा. देणारा किंवा घेणारा अचानक मरण पावला, तर तोंडी हिशेबावरून दोन घराण्यांत वैर येते आणि वर्षानुवर्षांची साखळी तुटते. एक साधी वही, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या एवढ्याने ते टळू शकते.

जुने व्यापारी आपली ओळख मुलांच्या हाती देऊन जातात. त्या ओळखीबरोबर नीट लिहिलेली वहीही द्यावी, एवढीच आमची विनंती.