तासगावच्या द्राक्षाला अमेरिकन खुंट कशासाठी?

तासगावच्या बऱ्याच बागांत वरची वेल थॉमसनची, पण खालचा खुंट असतो डॉगरिजचा. टेक्सासमधली ही रानजात दुष्काळ आणि खारं पाणी सोसते, म्हणून ती आपल्याकडे रुजली. पण फायदा आणखी एक आहे. मातीतले मूळगाठ सूत्रकृमी थॉमसनच्या मुळांत शिरून गाठी करतात, वेलीचं अन्नपाणी अडतं. डॉगरिजच्या मुळांत त्यांची वाढ फारशी होत नाही.

साताऱ्यातल्या आल्याला मात्र असं कलम करता येत नाही. तिथे सूत्रकृमी बेण्यातूनही शेतात येतात. म्हणून कंदावर तपकिरी, पाणीदार डाग असतील तर ते बेणं घेऊ नका. निरोगी बेणंही लावण्याआधी 50 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 10 मिनिटं ठेवायचं. कारण एकदा शेतात शिरलेला सूत्रकृमी सहजी जात नाही.