किल्ली एकाच कमरेला

पीएचपी ही वेबसाइट बांधायची भाषा. डिसेंबर २०१५ मध्ये तिची सातवी आवृत्ती आली आणि मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शन्स तिने कायमची काढून टाकली. हे अचानक झालं नव्हतं. २०१३ सालच्या ५.५ आवृत्तीपासूनच ‘ही आता वापरू नका’ अशी सूचना येत होती. पण चालतंय ना, मग कशाला हात लावायचा, हा आपल्याकडचा आणि जगाचाही रिवाज. होस्टिंगवाल्याने सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवली की अशा साइट बंद पडायच्या. दुरुस्ती तशी अवघड नव्हती, पण किचकट होती. कारण ती जुनी फंक्शन्स एका जागी नसायची, साइटच्या फायलीफायलींत विखुरलेली असायची.

वर्डप्रेसचं मात्र फारसं काही बिघडलं नाही. जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट आज ज्या वर्डप्रेसवर चालतात, ते २००३ साली सुरू झालं आणि पीएचपीतच लिहिलेलं आहे. त्यात डेटाबेसशी बोलायचं काम ‘डब्ल्यूपीडीबी’ नावाच्या एकाच क्लासकडे, म्हणजे कोडच्या एका स्वतंत्र तुकड्याकडे, दिलेलं आहे. मूळ बेत जस्टिन व्हिन्सेंट यांच्या ‘ईझीएसक्यूएल’ या छोट्याशा क्लासवरून घेतलेला. एप्रिल २०१४ च्या ३.९ आवृत्तीत वर्डप्रेसवाल्यांनी या क्लासच्या पोटात जुन्या फंक्शनांच्या जोडीला नवी बसवली आणि सर्व्हरवरची पीएचपी नवी असेल तर नवीच वापरायची सोय केली. बाहेरून क्लासचं तोंड तेच राहिलं. ज्यांनी आपली प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचे छोटे प्रोग्राम, त्या क्लासमार्फत लिहिली होती, त्यांना एक ओळही बदलावी लागली नाही. ज्यांनी ‘मधे हा क्लास कशाला, थेटच बोलू’ म्हणून जुनी फंक्शन्स स्वतः वापरली होती, त्यांची प्लगइन मोडली.

डेटाबेससाठी वेगळा क्लास कशाला लिहायचा, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात स्वच्छ उत्तर हेच आहे.

लग्नघरातली कोठी जुन्या वाचकांना आठवत असेल. रवा, साखर, तूप, जे हवं ते कोठी सांभाळणाऱ्या मावशींकडे मागायचं. किल्ली त्यांच्या कमरेला. कुठला डबा कुठल्या फळीवर, हे त्यांनाच ठाऊक. त्यांनी रात्रीतून फळ्या बदलल्या तरी आचाऱ्याला पत्ता लागत नाही आणि लागायची गरजही नसते. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली एका निबंधात प्रोग्रामसाठी हेच मांडलं. प्रोग्रामचे तुकडे पाडताना ‘आधी काय, मग काय’ या क्रमाने पाडू नका. पुढे जी गोष्ट बदलण्याची शक्यता आहे, ती एकेका तुकड्याच्या पोटात लपवा. वेब जन्मायच्या जवळजवळ वीस वर्षं आधीचा हा सल्ला आजही पुरतो.

आता एखाद्या पतसंस्थेची वेबसाइट घ्या. सभासदांची यादी, ठेवी, कर्जखाती, थकबाकी. नवशिका प्रोग्रामर पहिलं पान लिहितो: डेटाबेसला जोडणी करा, एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत प्रश्न विचारा, आलेल्या ओळी पानावर छापा. दुसरं पान लिहिताना पहिलं कॉपी करून प्रश्नाची ओळ तेवढी बदलतो. चाळीस पानं झाली की चाळीस जोडण्या, चाळीस ठिकाणी पासवर्ड आणि चाळीस ठिकाणी चुकायची मुभा.

यातली एक चूक मराठी साइटवाल्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. डेटाबेसशी जोडणी झाल्यावर ‘आपण अमुक लिपीसंचात बोलू’ हे ठरवणारी एक ओळ लिहावी लागते. एका फायलीत ती राहिली की त्या पानावर सभासदाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. तेवढ्यावर भागलं तर ठीक. पण कारकुनाने तोच फॉर्म उघडला, फक्त फोन नंबर बदलला आणि ‘सेव्ह’ दाबलं, की नावाच्या रकान्यातली प्रश्नचिन्हंही डेटाबेसात जाऊन बसतात. नाव गेलं, बॅकअप नसेल तर परत येत नाही. इमोजीची गोष्ट आणखी गमतीची. देवनागरी अक्षराला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात, इमोजीला चार. मायएसक्यूएलमधला ‘यूटीएफ-८’ नावाचा लिपीसंच मुळात तीनच बाइटांचा होता. त्यामुळे मराठी मजकूर सुखरूप राहायचा, पण मधेच कोणी हसरा चेहरा टाकला की तिथून पुढचं सगळं कापलं जाण्याचे प्रकार व्हायचे. वर्डप्रेसने एप्रिल २०१५ च्या ४.२ आवृत्तीत चार बाइटांचा संच स्वीकारला. जोडणीचा लिपीसंच ठरतो एकाच जागी, त्याच क्लासमध्ये, म्हणून त्या बाजूची चिंता प्लगइनवाल्यांना करावी लागली नाही.

दुसरी चूक त्याहून महागात पडते. वसईच्या किंवा गोव्याच्या पतसंस्थेत डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा असणारच, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘डी’नंतर वरच्या अंगाला एक अ‍ॅपॉस्ट्रॉफी असतो. एसक्यूएलमध्ये नेमकं तेच चिन्ह मजकुराची सुरुवात आणि शेवट दाखवतं. प्रोग्रामरने फॉर्ममधून आलेलं आडनाव जसंच्या तसं प्रश्नात चिकटवलं तर प्रश्न असा होतो:

सिलेक्ट * फ्रॉम सभासद व्हेअर आडनाव = 'डी'सोझा'

डेटाबेस समजतो की आडनाव ‘डी’पाशी संपलं, पुढचं ‘सोझा’ काय आहे ते त्याला कळत नाही आणि तो चूक दाखवून थांबतो. बिचाऱ्या डिसोझांना ‘सर्व्हरमध्ये बिघाड आहे’ असं उत्तर मिळतं. त्यांच्या नावाने पान मोडतं, याचा अर्थ बाहेरच्या माणसाला डेटाबेसच्या प्रश्नात ढवळाढवळ करता येते. आडनावाच्या जागी कोणी ‘' ऑर '1'='1’ असं टाइप केलं की एक बरोबर एक ही अट कायमच खरी, म्हणून सगळ्याच सभासदांची माहिती बाहेर येते. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. या प्रकाराचं वर्णन ‘फ्रॅक’ या हॅकर मंडळींच्या नियतकालिकात डिसेंबर १९९८ मध्येच छापून आलं होतं.

सतरा वर्षांनी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, ब्रिटनच्या टॉकटॉक या दूरसंचार कंपनीवर याच मार्गाने हल्ला झाला. हल्लेखोरांच्या हाती १,५६,९५९ ग्राहकांची माहिती लागली. तिथल्या माहिती आयुक्तांनी कंपनीला चार लाख पौंडांचा दंड केला. चौकशीत निघालं ते असं: टॉकटॉकने २००९ साली टिस्काली कंपनीचा ब्रिटनमधला व्यवसाय विकत घेतला, त्याबरोबर काही जुनी वेबपानंही आली, आणि ती अजून चालू आहेत याचा कंपनीला पत्ताच नव्हता. दारं किती आहेत हेच माहीत नसेल तर कुलपं कशाला लावणार?

यावरचा उपाय साधा आणि जुना आहे. प्रश्न आणि त्यात भरायची माहिती वेगवेगळी पाठवायची. प्रश्नात आडनावाच्या जागी नुसतं एक खूणचिन्ह ठेवायचं. डेटाबेस आधी प्रश्नाचा अर्थ लावतो, मग त्या जागी आडनाव बसवतो. तोवर अर्थ पक्का झालेला असल्यामुळे आडनावात अ‍ॅपॉस्ट्रॉफी असो वा आख्खं महाभारत, ते आडनावच राहतं. हे सगळ्यांना माहीत असतं. पण माहीत असणं वेगळं आणि चाळीस फायलींत, शनिवारी रात्री, डेडलाइन डोक्यावर असताना न विसरणं वेगळं. क्लास हवा तो यासाठी. प्रोग्रामरच्या हाती माहिती वेगळी पाठवण्याचाच सोपा रस्ता ठेवायचा.

अर्थात एकच किल्ली म्हटलं की तीच हरवण्याची भीतीही आली. डब्ल्यूपीडीबीमधलं ‘प्रिपेअर’ नावाचं फंक्शन माहिती वेगळी पाठवत नाही; ती सुरक्षित करून प्रश्नातच गुंफतं. या पद्धतीतून धोकादायक प्रश्न तयार होऊ शकतात असं अँथनी फेरारा यांनी दाखवून दिलं आणि ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी वर्डप्रेसला ४.८.३ ही दुरुस्ती काढावी लागली. दोष एका जागी होता, म्हणून धोका सगळ्यांना होता. आणि दोष एकाच जागी होता, म्हणून दुरुस्तीही एकाच फटक्यात सगळीकडे पोचली. हा सौदा मला मान्य आहे.

इथपर्यंत बहुतेक प्रोग्रामर माझ्याशी सहमत होतील. मतभेद पुढे सुरू होतात.

क्लास एकदा हाताशी आला की तो ‘सर्वांसाठी’ करायचा मोह होतो. कुठलंही टेबल द्या, कुठल्याही अटी द्या, क्रम द्या, पानामागे किती ओळी ते द्या, एकच फंक्शन सगळं आणून देईल! पहिल्या आठवड्यात हे फार देखणं दिसतं. मग कोणाला दोन टेबलं जोडायची असतात, म्हणून एक पर्याय वाढतो. कोणाला ‘किंवा’ची अट हवी असते, दुसरा पर्याय. सहा महिन्यांनी त्या फंक्शनला चौदा पर्याय असतात आणि ते वापरायला एसक्यूएलहून अवघड अशी एक नवीच भाषा शिकावी लागते. पुन्हा वापरता यावा म्हणून लिहिलेल्या या क्लासला दुसऱ्या प्रोजेक्टवर कोणी हात लावत नाही.

माझ्या मते इथे दोन थर वेगळे ठेवले पाहिजेत. खालचा थर जोडणी, लिपीसंच, माहिती वेगळी पाठवणं आणि चुकांची नोंद एवढंच पाहतो. त्याला सभासद म्हणजे काय, ठेव म्हणजे काय, हे ठाऊक नसतं. हाच खरा या प्रोजेक्टमधून त्या प्रोजेक्टमध्ये उचलून नेता येतो, आणि तो लहानच असतो. वरच्या थरातले क्लास मात्र पतसंस्थेच्या भाषेत बोलले पाहिजेत: ‘चालू सभासद आणा’, ‘नव्वद दिवसांहून जास्त थकलेली कर्जखाती आणा’. हे दुसरीकडे नेता येत नाहीत, न्यायचेही नसतात. पण त्याच साइटच्या दहा पानांवर, महिनाअखेरच्या अहवालात आणि उद्याच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये तेच वापरता येतात.

याचा फायदा एका उदाहरणात दिसतो. संस्थेने ठरवलं की राजीनामा दिलेल्या सभासदाची नोंद पुसायची नाही, त्यापुढे ‘रद्द’ अशी खूण करायची. ऑडिटच्या दृष्टीने बरोबरच आहे. आता सभासद मागणाऱ्या प्रत्येक प्रश्नात ‘रद्द नसलेले’ ही अट हवी. प्रश्न चाळीस फायलींत असतील तर एकोणचाळीस ठिकाणी ती पडते, आणि चाळिसाव्या फायलीतून राजीनामा दिलेल्या माणसाच्या घरी वार्षिक सभेची नोटीस जाते. ‘चालू सभासद आणा’ हे एकच फंक्शन असेल तर अटही एकाच जागी पडते. ‘उद्या डेटाबेस बदलला तर’ हे कारण पाठ्यपुस्तकांत पहिलं दिलेलं असतं. पण ओरॅकल सोडून मायएसक्यूएलवर जाणारे प्रोजेक्ट तसे मोजकेच. नियम मात्र दर सभेनंतर बदलतात.

एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. वरच्या थरातल्या क्लासने डेटाबेसची जोडणी स्वतः करू नये. ती त्याला बाहेरून हातात द्यावी. बचत खात्यातून पैसे काढून कर्जखात्यात भरायचे आहेत असं समजा. दोन्ही नोंदी झाल्या पाहिजेत, नाहीतर एकही होता कामा नये. यालाच ट्रॅन्झॅक्शन म्हणतात, आणि साधारणपणे ते एकाच जोडणीपुरतं असतं. बचत खात्याच्या क्लासने आपली जोडणी उघडली आणि कर्जखात्याच्या क्लासने आपली, तर मधेच वीज गेल्यावर पैसे एकीकडून गेलेले आणि दुसरीकडे न पोचलेले, अशी अवस्था होऊ शकते. जोडणी बाहेरून देण्याचा आणखी एक लाभ: चाचणी घेताना खऱ्याऐवजी खोट्या माहितीचा छोटा डेटाबेस हातात देता येतो.

‘हे सगळं तयार मिळत असताना हाताने कशाला लिहायचं?’ हा प्रश्न रास्त आहे. मार्टिन फाउलर यांनी २००२ सालच्या आपल्या पुस्तकात या घडणींना नावं दिली. ‘अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड’मध्ये टेबलातली प्रत्येक ओळ स्वतःच स्वतःला साठवते, ‘डेटा मॅपर’मध्ये ते काम तिसऱ्यावर सोपवलेलं असतं. जावातलं हायबरनेट, २००४ साली आलेलं रुबी ऑन रेल्स, पायथनमधलं जँगो ही त्याच कुळातली. (जँगो जन्मलं ते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स शहराच्या एका दैनिकाच्या वेब विभागात. वर्तमानपत्राच्या कचेरीतून असंही काही निघतं, एवढंच नोंदवतो.) ही साधनं जरूर वापरावीत. पण त्यांच्या पोटात काय चाललंय याकडे काणाडोळा केला की ती फसवतात. दोनशे सभासदांची यादी आणि प्रत्येकापुढे शाखेचं नाव, असं साधं पान. कोडमध्ये ‘सभासदाची शाखा’ एवढंच लिहिलेलं. प्रत्यक्षात यादीसाठी एक आणि शाखांसाठी दोनशे, असे दोनशे एक प्रश्न डेटाबेसकडे जातात, जिथे एका प्रश्नात काम झालं असतं. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर पाचच सभासद असतात, त्यामुळे हे तिथे दिसत नाही.

तुमच्या संस्थेची, दुकानाची किंवा शाळेची वेबसाइट कोणी बांधून दिली असेल तर तिच्या कोडमध्ये ‘सिलेक्ट’ हा शब्द किती फायलींत सापडतो, एवढं त्यांना विचारा. शोधायला मिनिटही लागत नाही. तो एकाच कपाटात, ठरलेल्या चार-सहा फायलींत असेल तर निश्चिंत राहा. प्रत्येक पानाच्या फायलीत असेल तर नव्या रंगसंगतीसाठी ठेवलेले पैसे आधी या कामावर खर्च करा.