नाव वाइन, जात बिअरची! इंग्लिश बार्लीवाइन चाखायची तरी कशी?

बिअर म्हटले की डोळ्यांसमोर येते ती फ्रिजमधून नुकतीच काढलेली, घाम फुटलेली बाटली. सोबत ‘थंड आहे तोवर संपव’ हा मित्राचा सल्ला. इंग्लंडमध्ये मात्र बिअरचा एक प्रकार असा आहे, की ज्याच्यासमोर हे सगळे नियम उलटे होतात. ही बिअर फार थंड पीत नाहीत, मोठ्या ग्लासात ओतत नाहीत आणि काही शौकीन तर बाटली विकत घेऊन दहा-दहा वर्षे उघडतही नाहीत. तिचे नाव बार्लीवाइन.

आपल्याकडे बाटलीवर ‘स्ट्राँग’ लिहिलेले असले की त्याचा अर्थ एकच, लवकर चढते. बार्लीवाइन त्याहूनही स्ट्राँग असते, पण तिच्यातल्या अल्कोहोलचे काम वेगळे आहे. ते समजून न घेता ती नेहमीच्या बिअरसारखी प्यायली, तर चव हुकते आणि हिशेबही चुकतो. म्हणून हे सोपे एक्स्प्लेनर.

द्राक्ष नाही, मग वाइन का?

बार्लीवाइनमध्ये द्राक्षाचा थेंबही नसतो. बार्ली म्हणजे जव. जवाला मोड आणायचे, ते वाळवून हलके भाजायचे, की झाला माल्ट. माल्ट, पाणी, हॉप्सची कडवट फुले आणि यीस्ट, एवढाच कच्चा माल. म्हणजे ही शंभर टक्के बिअरच. फक्त अल्कोहोल साधारण ८ ते १२ टक्के, जवळपास वाइनइतके. म्हणून हे नाव.

नाव रूढ होण्यात बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावातल्या बास कंपनीच्या ‘नंबर वन’ या एलचा मोठा वाटा आहे. पण परंपरा त्याहून जुनी. इंग्लंडमधल्या जमीनदारांच्या वाड्यांत घरचीच भट्टी असे. घरात मुलगा जन्मला की कडक एलचे पिंप भरून तळघरात ठेवायचे आणि तो २१ वर्षांचा झाला की फोडायचे, अशी पद्धत होती. बिअर २१ वर्षे टिकायची तर तिच्यात ताकद हवीच. इथेच या पेयाचे मर्म आहे. अल्कोहोल हे इथे टिकाऊपणाचे साधन आहे.

ही ताकद येते कुठून?

गुऱ्हाळ पाहिलेल्या कोणालाही हे लगेच कळेल. कोमट-गरम पाण्यात माल्ट भिजवला की त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि गोड रस मिळतो. याला वर्ट म्हणतात. पहिला निथळलेला रस सर्वांत दाट. त्याच माल्टवर पुन्हा पाणी घातले की दुसरा रस पातळ निघतो, एकाच चहापत्तीचा दुसरा चहा फिका होतो तसा. जुने इंग्लिश ब्रुअर पहिल्या रसाची कडक एल करायचे आणि पुढच्या रसांची साधी बिअर. एकाच माल्टमधून वेगवेगळ्या ताकदीच्या बिअर काढण्याच्या या पद्धतीला पार्टी-गाइल म्हणतात. लंडनच्या फुलर्सने ती आधुनिक काळापर्यंत चालू ठेवली.

आता थोडे आकडे. पाण्याची घनता १.००० धरली, तर साध्या इंग्लिश बिअरच्या वर्टची घनता १.०४० च्या आसपास असते. बार्लीवाइनच्या वर्टची १.०८० ते १.१२० पर्यंत जाते. १.१०० घनतेच्या एक लिटर वर्टमध्ये सुमारे २६० ग्रॅम विरघळलेला ऐवज असतो आणि त्यातली बहुतेक साखरच. हा रस उसाच्या रसापेक्षाही दाट. तो बराच वेळ उकळला की काहिलीतल्या रसासारखा रंग गडद होतो आणि खरपूस चव उतरते.

पुढे यीस्ट या साखरेचे अल्कोहोल करते, पण सगळी साखर त्याला संपवता येत नाही. उरलेला गोडवा आणि जाडसरपणा जिभेवर राहतो. तो तोलायला हॉप्सचा कडवटपणा लागतो. इंग्लिश परंपरेत ईस्ट केंट गोल्डिंग्ज किंवा फगल या मातकट, सौम्य हॉप्सना मान आहे आणि पाया असतो तो मॅरिस ऑटरसारख्या जवाचा. १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकरने ‘ओल्ड फॉगहॉर्न’ आणली आणि अमेरिकेतही बार्लीवाइन रुजली. पण तिकडच्या बाटल्यांत हॉप्सचा झणका पुढे असतो. इंग्लिश बाटलीत माल्ट बोलतो, हॉप्स मागे राहून साथ देतात.

चाखायची कशी? सहा पायऱ्या

१. तापमान : फ्रिजमधून काढल्यावर अर्धा तास बाहेर ठेवा. १० ते १४ अंश सेल्सिअस हे योग्य तापमान. त्याहून थंड असेल तर सुगंध दबतो आणि हाती लागतो तो फक्त गोडवा.

२. ग्लास : ब्रँडीचा असतो तसा, खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता ग्लास घ्या. त्यात फक्त १०० ते १५० मिलिलिटर ओता. वरची रिकामी जागा वासासाठी असते.

३. ओतणे : अनेक बाटल्यांत जिवंत यीस्ट तळाशी बसलेले असते. बाटली काही तास उभी ठेवा, हळू ओता आणि शेवटचा गढूळ घोट बाटलीतच राहू द्या. फेस कमी आला तर बिघडली असे समजू नका. जास्त अल्कोहोल आणि जुनेपणा यामुळे फेस कमीच असतो.

४. रंग आणि वास : ग्लास उजेडासमोर धरा. रंग मधापासून गडद तांब्यापर्यंत कुठेही असू शकतो. मग ग्लास हलके फिरवून वास घ्या. ताज्या बाटलीत टॉफी, भाजलेला पाव, मुरांबा. जुन्या बाटलीत मनुका, खजूर, अंजीर आणि शेरी वाइनची आठवण. परदेशी शब्द सुचले नाहीत तरी बिघडत नाही. काकवी, चिक्की, सुक्या अंजिराची वडी हे आपले शब्द इथे चपखल बसतात.

५. पहिला घोट : लहान घ्या आणि क्षणभर तोंडात फिरवा. आधी गोडवा, मग खरपूसपणा, शेवटी कडवटपणा आणि घशाखाली ऊब, असा क्रम जाणवतो. ऊब चांगली, पण जळजळ झाली तर बिअर अजून कोवळी आहे किंवा नीट आंबलेली नाही.

६. थांबा : हीच पायरी सगळे गाळतात. ग्लास तळव्यात धरून २० मिनिटांत संपवा. तापमान दोन-तीन अंशांनी वाढले की सुरुवातीला नसलेले वास वर येतात. पहिला आणि शेवटचा घोट वेगळा लागला, तर बार्लीवाइन तुम्हाला कळली.

सोबत काय? इंग्लंडमध्ये स्टिल्टन हे निळ्या बुरशीचे खारट चीज ठरलेले. अक्रोड किंवा भाजलेले बदामही चालतात. तिखट चखणा मात्र नको. तिखटाने अल्कोहोलची जळजळ वाढते आणि बाकीचे काही कळत नाही.

जुने म्हणजे चांगलेच?

नाही. वर्षानुवर्षे अगदी थोडा ऑक्सिजन बिअरवर काम करतो. नशीब चांगले असेल तर त्यातून शेरी, सुकामेवा, चामड्यासारखे खोल वास तयार होतात. नसेल तर ओल्या पुठ्ठ्याचा किंवा सोया सॉसचा वास येतो. व्हिनेगरसारखी आंबट लागली तर जंतुसंसर्ग झाला. ओतून द्या, हळहळू नका.

साठवण अंधाऱ्या आणि थंड जागी, साधारण १२-१३ अंशांना, बाटली उभी ठेवून करतात. लंडनहून येणाऱ्या मावसभावाने बाटली आणली, तर ती नागपूरच्या मे महिन्यात कपाटात ठेवू नका. उष्णतेने बिअर मुरत नाही, बिघडते.

मग ही संपत का चालली?

बार्लीवाइनची टाकी महिनोन्‌महिने अडकून पडते. तेवढ्या काळात साध्या बिअरच्या अनेक बॅच निघाल्या असत्या. शिवाय माल्ट जास्त लागतो आणि ब्रिटनने २०११ मध्ये ७.५ टक्क्यांवरच्या बिअरवर जादा करही लावला होता.

‘थॉमस हार्डीज एल’ची गोष्ट बोलकी आहे. लेखक थॉमस हार्डी यांच्या निधनाला ४० वर्षे झाली म्हणून १९६८ मध्ये डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोपने ती काढली. प्रत्येक बाटलीवर वर्ष असे आणि ती २५ वर्षे टिकेल असा दावा. १९९९ मध्ये खुद्द कारखान्यानेच ती बनवणे थांबवले. २००३ मध्ये डेव्हनमधल्या एका छोट्या ब्रुअरीने ती पुन्हा सुरू केली, पण काही वर्षांत तिथेही खंड पडला. परंपरा पुरती विझलेली नाही. मँचेस्टरजवळच्या जे. डब्ल्यू. लीजची ११.५ टक्क्यांची ‘हार्वेस्ट एल’ १९८६ पासून आणि फुलर्सची ८.५ टक्क्यांची ‘व्हिंटेज एल’ १९९७ पासून वर्ष छापून येते. दोन वेगळ्या वर्षांच्या बाटल्या शेजारी ठेवून चाखणे हा या बिअरचा खरा अभ्यास.

हिशेब विसरू नका

५ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बिअरमध्ये ३२.५ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. १० टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बार्लीवाइनमध्ये ३३ मिलिलिटर. म्हणजे छोटी बाटली दिसायला निम्मी, पण अल्कोहोल मोठ्या बाटलीएवढे. ‘एवढीशीच तर आहे’ म्हणणारा इथेच फसतो. १५० मिलिलिटरचा ग्लास हा एका संध्याकाळचा आणि बाटली दोघांची, असे धरून चाला. प्यायल्यावर गाडीला हात नाही.

भारतीय नियमांत बिअरची मर्यादा ८ टक्क्यांपर्यंत असल्याने त्यावरची बार्लीवाइन इथे बिअर म्हणून मिळत नाही. पण यातले चाखण्याचे धडे कोणत्याही चांगल्या बिअरला लागू पडतात. पुढच्या वेळी ग्लास समोर आला, तर दहा मिनिटे थांबून आधी वास घेऊन पाहा.

*(मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे. हा लेख केवळ माहितीसाठी असून वयाची अट पूर्ण केलेल्या वाचकांसाठी आहे.)*