लक्ष का लागत नाही?

विचुंब्याहून पनवेलला सायकलने जाताना तुम्ही गप्पा मारता, तरीही खड्डा चुकवता. एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देण्याची ही किमया मेंदूची. हंटिंग्टन या आनुवंशिक रोगात बऱ्याचदा तीच आधी बिघडते.

अमेरिकन डॉक्टर जॉर्ज हंटिंग्टन यांनी १८७२ साली या रोगाचे वर्णन केले. त्याचे जनुक १९९३ साली सापडले. रोगी आई किंवा वडिलांकडून ते प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी, नाणेफेकीइतकीच! मोठेपणी मेंदूच्या खोल भागातील पेशी हळूहळू मरू लागतात. हातपाय आपोआप हलू लागण्याआधीच बोलता बोलता हिशेब करणे जड जाते. घरचे रागावतात, “लक्षच नसते!” पण तो निष्काळजीपणा नव्हे.

रोग पुरता बरा करणारे औषध अद्याप नाही. मात्र एका वेळी एकच काम सांगितले, तर रोग्याला ते सोपे जाते. एवढे आपल्याला सहज करता येईल, नाही का?